स्टेज वन!

चुलतभावाच्या घरी जेवताना मी सहज म्हणाले, ‘‘दादा, आता स्टेज वन करूनच टाक.’’ भात वाढणाऱ्या काकूचा हात थांबला. ‘‘स्टेज वन? अगं, कोणाला काय झालंय?’’

झालं कोणालाच काही नव्हतं. विषय होता दादाच्या नव्या (म्हणजे सेकंडहँड, पण आमच्यासाठी नव्याच!) बीएमडब्ल्यू एम३४०आयचा. २०२१ मध्ये भारतात लाँच झालेली, चेन्नईत जोडलेली सेडान. दिसायला एकदम सभ्य, ऑफिसला जाणारी. बॉनेटखाली मात्र तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन. ३८७ हॉर्सपॉवर. शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत!

तुम्ही म्हणाल, एवढं असताना आणखी कशाला? पण गाड्यांचा किडा चावलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो. आणि दादाला तो किडा मीच लावला होता. गाड्यांवर चार लेख लिहिल्यामुळे आमच्या खानदानात मी एक्स्पर्ट.

स्टेज वन म्हणजे रिमॅप. पान्याला हातही लावायचा नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर असतो, ईसीयू, त्याचं सॉफ्टवेअर बदलायचं. टर्बो जास्त हवा कोंबतो, त्या हिशोबात पेट्रोल वाढतं, स्पार्कचं टायमिंग बदलतं आणि पॉवर वाढते. स्टेज टूला एक्झॉस्टचा डाउनपाइप बदलतात. त्यात बऱ्याचदा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच गायब होतो. मी झकास लिस्ट काढली : रिमॅप, इनटेक, डाउनपाइप, १०० ऑक्टेनचं पेट्रोल. दादाने बजेट काढलं. वहिनीला ‘सर्व्हिसिंग आहे’ असं सांगायचं ठरलं.

त्याआधीच्या रविवारी, जूनच्या पहिल्या पावसात, आम्ही दोघं एक्स्प्रेस वेला निघालो. खालापूरच्या अलीकडे रस्ता मोकळा दिसला. ‘‘दाब ना!’’ मी म्हणाले. दादाने दाबला. पाठ सीटला चिकटली. मी चक्क ओरडले, आनंदाने. मर्यादा १०० ची होती आणि आम्ही तिच्या वर होतो, एवढंच सांगते.

तेवढ्यात मधल्या लेनमधला ट्रक इंडिकेटर न देता आमच्यासमोर आला.

ब्रेक. पायाखाली एबीएसची थरथर. गाडी सरकतेय, थांबत नाहीये... ट्रकच्या फाळक्यावरचं अक्षर न् अक्षर मला वाचता येत होतं. अखेर हातभर अंतर राखून आमचा वेग उतरला आणि ट्रक निघून गेला. ड्रायव्हरला कळलंही नसेल. मी मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर दादाच्या तीन वर्षांच्या लेकीची चाइल्ड सीट होती. रिकामी.

फूड मॉलवर चहा घेताना दोघंही गप्प. मग दादा उठला आणि टायरपाशी वाकला. पावसाचं पाणी बाहेर टाकणाऱ्या खाचा जवळपास सपाट झाल्या होत्या. एक्स्पर्टबाईंच्या लिस्टमध्ये टायर नव्हते. ब्रेकही नव्हते.

घरी येऊन मी आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल करता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. विमा कंपनीला न सांगता बदल केले, तर क्लेम अडकू शकतो. वॉरंटीचंही तेच. आणि शाळेत शिकलेलं फिजिक्स : वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. वाढवलेला प्रत्येक हॉर्सपॉवर आधी ब्रेककडे आणि टायरकडे उधारी मागतो.

दादाने त्या रात्री वहिनीला सगळं सांगितलं. सर्व्हिसिंगच्या थापेसकट. ती दोन दिवस बोलली नाही, दादाशीही आणि माझ्याशीही. मला वाटतं, ते बरोबरच होतं.

रिमॅपच्या पैशांत चार नवे टायर आले, ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइड बदललं. उरलेले पैसे ट्रॅकवरच्या ड्रायव्हिंग ट्रेनिंगसाठी बाजूला पडलेत. दाबायचंच असेल तर तिथे.

गाडी अजूनही ३८७ चीच आहे. परवा आम्ही सगळे लोणावळ्याला गेलो. पाऊस होता, चाइल्ड सीटमध्ये पुतणी झोपली होती. घाटात दादा शांतपणे चालवत होता. मागून काकूने विचारलं, ‘‘काय रे, त्या स्टेज वनचं काय झालं?’’

‘‘बरा झालो, आई,’’ दादा म्हणाला.