लमाण आणि सम्राट

डॉ. श्रीराम लागू यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘लमाण’ हे नाव दिले. लमाण म्हणजे एका मुलखाचा माल बैलांच्या पाठीवर लादून दुसऱ्या मुलखात पोचविणारा. तो मालाचा उत्पादक नसतो आणि धनीही नसतो. ज्या नटाला मराठी समाजाने ‘नटसम्राट’ या एका भूमिकेशी जवळजवळ एकरूप करून टाकले, त्याने स्वतःसाठी प्रतिष्ठेच्या उतरंडीत सम्राटाच्या अगदी दुसऱ्या टोकाची संज्ञा निवडावी, ही गोष्ट केवळ विनयाच्या खाती जमा करता येणार नाही. तिच्यात अभिनयाविषयीची एक उपपत्ती दडलेली आहे. नट हा वाहक की निर्माता, हा तिचा गाभ्याचा प्रश्न आहे.

१६ नोव्हेंबर १९२७ रोजी सातारा येथे जन्मलेल्या लागूंचे वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात झाले. भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये त्यांची नाट्यदृष्टी घडली. कान, नाक आणि घसा यांचे शल्यविशारद म्हणून त्यांनी पुण्यात आणि टांझानियातील टबोरा येथे व्यवसाय केला. १९६९ साली, वयाची चाळिशी उलटल्यावर, वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून ते पूर्ण वेळ नट झाले. डिसेंबर १९७० मध्ये कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले. स्थिर व्यवसाय सोडून गावोगावच्या प्रयोगांत उतरलेल्या माणसाने स्वतःला लमाण म्हणावे, यात अनुभवाचा भाग उघडच आहे. तेच ओझे रोज नव्याने उचलणे हा नटाच्या व्यवसायाचा धर्मच होय.

तथापि ‘नटसम्राट’ची संहिता या संज्ञेला अधिक खोल अर्थ देते. या नाटकामागे ‘किंग लिअर’ उभे आहे, हे सर्वपरिचित आहे. परंतु लिअर जे राज्य वाटून टाकतो ते त्याचे स्वतःचे असते. गणपतराव बेलवलकर मिळकत मुलांना देऊन टाकतात; मात्र ज्या साम्राज्याच्या बळावर ते अखेरपर्यंत बोलतात, ते सगळे इतरांनी लिहिलेल्या शब्दांचे आहे. घर गेल्यावरही भूमिकांची भाषणे त्यांना सोडत नाहीत. माल केव्हाच उतरविला गेला, पण पाठीवरचे ओझे उतरले नाही, अशी ही अवस्था आहे. सम्राटाच्या वेषातला हा लमाणच आहे, आणि त्याची शोकात्मता मुलांच्या कृतघ्नतेइतकीच या अवस्थेतही आहे.

येथे रूपकाची मर्यादाही दिसू लागते. बेलवलकरांची भूमिका दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही केली. २०१६ साली महेश मांजरेकरांच्या चित्रपटात ती नाना पाटेकरांनी केली. बैल बदलला म्हणून गोणीतले मीठ बदलत नाही. नट बदलला की शब्द मात्र बदलतो. शिवाय लागू मिळेल तो माल वाहणारे नव्हते. विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ १९७० साली त्यांनी दिग्दर्शित केले, तेव्हा एका स्त्रीच्या लुगड्यावरील रक्ताच्या डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. डाग निळा करण्यात आला आणि प्रेक्षकांनी तो तांबडा समजावा, असे त्यांना सांगण्यात आले. जकातनाक्यावर मालात झालेला फेरबदल गिऱ्हाइकाला उघड सांगणारा हा वाहक निव्वळ वाहक उरत नाही. तो भाष्यकार होतो. गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ किंवा मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मधील सॉक्रेटिस यांची निवड हेही एका बुद्धिवादी, ईश्वराला जाहीरपणे नाकारणाऱ्या माणसाने केलेले वाचनच होते.

या प्रश्नाकडे नंदुरबारहून पाहिले म्हणजे त्याला वेगळी धार येते. सुरत-बुऱ्हाणपूर हा जुना व्यापारी मार्ग याच गावावरून जाई; मालाची वाहतूक येथल्या इतिहासात मुरलेली आहे. मुंबई-पुण्याच्या नाटकाचा माल मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी क्वचितच उतरला. १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला, ज्याची घरची भाषा बहुधा भिली, पावरी, गुजरी वा अहिराणी असते, ‘नटसम्राट’ प्रथम भेटते ते अभ्यासाचे पुस्तक म्हणून. लागू त्याला भेटतात ते पडद्यावर: व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’तील (१९७२) आणि जब्बार पटेल यांच्या ‘सामना’तील मास्तर म्हणून. एक मास्तर स्वतःच्या नीतिमत्तेच्या प्रतिमेखाली चिरडला जातो. दुसरा दारूत बुडालेला असूनही मारुती कांबळेचे काय झाले, हे विचारायचे थांबत नाही. दोन्हीकडे चेहरा एकच असतो; नटाने त्या चेहऱ्यामागे काय वाचले, ते मात्र वेगळे असते. परीक्षेतील प्रश्न मात्र बेलवलकरांचे स्वभावचित्र रेखाटा एवढाच राहतो. नटाने घेतलेल्या निर्णयांना त्यात जागा नसते.

वास्तविक, रूप धारण करणे म्हणजे काय, याची जाण या विद्यार्थ्याजवळ पाठ्यपुस्तकाच्या आधीपासून असते. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीत बुध्या, बावा अशी रूपे घेणारे पुरुष अंगावर ठिपक्यांची नक्षी काढतात, मोरपिसांचा टोप घालतात, कमरेला घुंगरू-भोपळे बांधतात आणि काही दिवस पालनी पाळतात. त्या काळात खाटेवर निजणेदेखील वर्ज्य असते. हे नाटक नव्हे. तो नवसाचा आणि श्रद्धेचा विधी आहे, आणि त्याला रंगभूमीच्या मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. परंतु घेतलेले रूप देहाकडून काही मागते, ते घेण्याआधी आणि टाकताना माणसाला बांधून घ्यावे लागते, ही समज सम्राट आणि लमाण या दोन्ही प्रतिमांत नाही. लागूंसारख्या निरीश्वरवाद्याने त्यातली श्रद्धा नाकारली असती. त्यातली शिस्त मात्र त्यांच्या कारकिर्दीला परकी नव्हती.

१७ डिसेंबर २०१९ रोजी लागूंचे पुण्यात निधन झाले, तेव्हा ‘नटसम्राट गेला’ हे उद्गार अपरिहार्यच होते. समीक्षेला तेवढ्यावर थांबता येणार नाही. नट शब्दांचा धनी नसतो, हे लागूंचे म्हणणे खरे आहे. पण शब्द वाहताना तो त्यांचा जो अर्थ लावतो, त्याचा धनी तोच असतो. ‘गिधाडे’तला डाग लेखकाने तांबडा लिहिला, शासनाने निळा करविला आणि नटवर्गाने प्रेक्षकांच्या मनात पुन्हा तांबडा केला. संहितेपुरते पाहणाऱ्या वाचनाला यांतला पहिलाच रंग दिसतो. नाटक मात्र त्या तिन्ही रंगांचे मिळून झालेले असते.