पाऊणकीचा पाढा आणि समुद्राची भरती

इंदूरच्या मुलांना पाणी माहीत आहे ते नर्मदेचे. महेश्वरच्या घाटावरून नावेत बसून पलीकडे जाऊन आलेली मुले आपल्या शाळेत पुष्कळ आहेत. पण नदीचे पाणी एकाच दिशेने वाहते. दिवसातून दोनदा चढणारे आणि दोनदा उतरणारे पाणी आमच्यापैकी बहुतेकांनी जानेवारी २०२४ च्या सहलीत प्रथमच पाहिले. अवंतिका एक्सप्रेसने मुंबई आणि तेथून बसने मुरूड असा प्रवास करून आम्ही नववीचे विद्यार्थी आणि शिक्षक रायगड जिल्ह्यातील राजपुरीच्या धक्क्यावर पोहोचलो.

राजपुरीहून जंजिऱ्याला आम्ही शिडाच्या होडीने गेलो. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. डोलकाठीला शीड चढले, वारा भरला आणि होडी चालू लागली. सुकाणू धरून बसलेले तांडेलकाका म्हणाले, “सकाळचा मतलई आहे, आरामात नेईल. दुपारी खारा वारा सुटला की तोच परत आणील.” आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. भूगोलात आम्ही थल समीर आणि जल समीर पाठ केले होते. रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. दिवसा जमीन लवकर तापते, तेव्हा तो उलट फिरतो. परीक्षेत यावर गुण मिळाले होते, पण या वाऱ्यांना मराठीत इतकी सुटसुटीत नावे आहेत हे होडीत बसल्यावर कळले.

काका पुढे म्हणाले, “आता ओहोटी लागली आहे, भरती सकाळीच झाली.” एका मुलाने विचारले, “काका, कुठली भरती? फौजेची?” सगळे हसले. आपल्याकडे भरती म्हणजे नोकरीचीच. काकांनी मग हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. आमच्या गणिताच्या बाईंनी तेथेच मुलांना विचारले, असे का होत असेल? चंद्रामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. हिशेब अगदी काटेकोर नाही, पण घड्याळाशिवाय होडी कधी लोटावी हे ठरवायला पुरेसा आहे.

किल्ल्याचा दरवाजा जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत, तटावर कलालबांगडी ही प्रचंड तोफ आहे. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव घालून वाट करण्याचा प्रयत्न केला, तरी सिद्दींचा जंजिरा हाती आला नाही. सिद्दींचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. काही मुले हिरमुसली. आम्ही त्यांना सांगितले की इतिहासात जे झाले तेच वाचायचे असते.

दुपारी परतल्यावर मुरूडच्या कोळीवाड्यात बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. आमच्या एका मुलीने विचारले, “मावशी, हे काय करून राहिलात?” मावशी म्हणाल्या, “अगं बाय, तू कुठली? मराठी बोलतेस, पण वेगळीच!” इंदूर ऐकून त्यांना नवल वाटले. नंतर बराच वेळ त्या मुलांना माशांची नावे शिकवत होत्या.

पालक सभेत दरवर्षी एक प्रश्न येतो, मराठीचा तास कशाला? नोकरी तर हिंदी आणि इंग्रजीवर मिळते. हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्यांवर आमचा राग नाही. आपल्या घरांत मराठी उरली आहे ती स्वयंपाकघरात, सणावारात आणि आजीच्या बोलण्यात. भाषा एवढ्याच जागेत राहिली तर ती हळूहळू आक्रसते. मुरूडला मुलांनी मराठीत वारा ओळखताना, पाणी मोजताना, पोट भरताना माणसे पाहिली. ही भाषा नुसती जपून ठेवायची वस्तू नाही, ती कामाची आहे, हे आम्ही वर्गात सांगून पटले नसते.

आणखी एक गोष्ट. पाऊणकीचा पाढा होडीतल्या एकाही मुलाला येत नव्हता. पण सहलीनंतर चौकशी केली तेव्हा कळले की अनेकांच्या आजी-आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी सगळे तोंडपाठ आहे. तो समुद्राचा हिशेब आपल्याच घरात होता, विचारणारे कोणी नव्हते. म्हणून विश्वस्त मंडळाच्या संमतीने दर शनिवारी शेवटचा तास आजी-आजोबांसाठी ठेवला आहे. ज्यांना पाढे येतात त्यांनी अवश्य यावे. खुर्च्या आम्ही मांडून ठेवू.