शनीसाठी दरबारी?

नाशिककरांना ग्रहांचं नवल नाही. त्र्यंबकेश्वर हाकेच्या अंतरावर. नारायण नागबली म्हणा, कालसर्प म्हणा, देशभरातून माणसं येतात. त्यामुळे 'कोणत्या ग्रहाला कोणता राग' असा छापील तक्ता आमच्याही घरी आला, यात विशेष काही नाही. आत्याला तो एका ज्योतिषांनी दिला. तिला साडेसाती आहे म्हणे. उपाय : रोज रात्री अर्धा तास दरबारी ऐकायचा, चाळीस दिवस.

आता आत्या म्हणजे मध्यमा पूर्णपर्यंत शिकलेली बाई. आतोबा गेले तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, तिनं तंबोऱ्याची गवसणी काढलेली नाही. आणि ती मला विचारते, दरबारी कुणाचा लावू रे? फोनवर मी विषय बदलला. म्हणून इथे लिहितोय.

संगीताचं आणि देवाधर्माचं नातं जुनंच आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकरा'त सात स्वरांना देवता, ऋषी, रंग, द्वीपं असं सगळं जोडून दिलंय. पण त्याचे राग आजचे नव्हेत. दरबारी परंपरेनं तानसेनाच्या नावावर आहे, म्हणजे शार्ङ्गदेवानंतर तीनेकशे वर्षांनी. त्यात शनी कधी शिरला कोण जाणे! दक्षिणेत मुत्तुस्वामी दीक्षितांनी (1775-1835) ग्रहांवर कृती रचल्या. शिष्याची पोटदुखी जाईना, तेव्हा त्याच्यासाठी गुरू ग्रहावरची कृती रचली अशी कथा सांगतात. पण कथेतही शिष्यानं ती स्वतः गायची होती. नुसती ऐकायची नव्हती.

आपल्याकडे रागाचं खरं नातं आहे ते एकट्या सूर्याशी. दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार. कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार घेणारे भैरव, पूर्वी, मारवा हे संधिप्रकाशाचे राग. भातखंड्यांनी ही व्यवस्था नीट मांडून ठेवली. सूर्य मात्र घड्याळाला बांधलेला नाही. नाशकात जूनमध्ये तो सहाच्या आसपास उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. थंडीत सकाळी सहाला भैरव लावला तर बाहेर अजून अंधार असतो. इथपर्यंत आकाश मला मान्य आहे. पुढचं नाही.

आणि अध्यात्म म्हणाल, तर नाशकात राहून पलुस्करबुवांना कसं विसरायचं? विष्णु दिगंबर लहानपणी फटाक्यानं भाजले, दृष्टी अधू झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, मग ते मुंबईला आणलं. तिथली इमारत कर्जापायी गेली. बारा मुलं झाली, त्यातली अकरा लहानपणीच गेली. वाचले ते एकटे दत्तात्रेय, आपले डी. व्ही. पलुस्कर. साडेसाती याहून वेगळी काय असते? एवढं सोसलेला माणूस नाशिकला आला, रामनाम आधार आश्रम काढला आणि तुलसीरामायण गात राहिला. 'आधार' हा शब्द मला फार आवडतो. नामाचा आधार, आणि तो गाऊन घ्यायचा.

21 ऑगस्ट 1931 ला मिरजेत ते गेले. त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आत्याची मध्यमा त्याच मंडळाची!

तर आत्या, हे वाचशीलच. ज्योतिषांचा मान राखायचा तर जरूर राख, चाळीस दिवस दरबारी होऊ दे. फक्त तो तुझा असू दे. गळा बसला असेल, गंधार आंदोलनात हलणार नाही, दोन वर्षांत सुटलंय ते एकदम येणार नाही. तंबोऱ्याच्या तारा बदलाव्या लागतील. रविवारी मी येतोय, येताना नव्या तारा घेऊन येतो.