नेट नेमकं कुठं तुटतं?

पूर्ण बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणं त्या मानानं सोपं असतं. पंखा फिरत नाही, कपॅसिटर बदलला, फिरला. अवघड असतात त्या अधूनमधून बंद पडणाऱ्या वस्तू. मेकॅनिक समोर असेपर्यंत शहाण्यासारख्या चालतात, त्याची पाठ वळली की पुन्हा बसतात. वायरचं इंटरनेट तुटणं हे याच जातीचं दुखणं. आणि अशा दुखण्यात दोष कुणाचा, हे सांगून टाकायची लोकांना फार घाई असते.

माझी आपा सांगलीत राहते. तिची मुलगी बी.कॉम. झाली आणि तिला घरून कॉम्प्युटरवर करायची नोकरी लागली. ग्राहकांच्या तक्रारी वाचायच्या, नोंदवायच्या, लेखी उत्तरं द्यायची. आमच्या खानदानात महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी ती पहिली मुलगी. पण दिवसातून चार-पाच वेळा तिचं नेट जायचं आणि अर्ध्या-एक मिनिटात परत यायचं. दर वेळी ती कामातून बाहेर फेकली जायची, आणि तिकडे तिच्या नावापुढे गैरहजेरी लागायची. दुसऱ्या महिन्यात ताकीद आली. घरात आधीपासून दबा धरून बसलेलं वाक्य मग बाहेर आलं, "असल्या नोकरीचं काय खरं? आता स्थळं बघू या."

लाइनवाल्यांचा माणूस आला. त्यानं खालच्या मजल्यावरचा डबा पाहिला आणि जिना न चढताच सांगितलं, "कॉम्प्युटरचाच प्रॉब्लेम आहे." जाता जाता म्हणाला, "तुमच्या गल्लीत असंच असतं." कॉम्प्युटरच्या दुकानात सांगितलं, लाइन खराब आहे. शेजारच्या खालांच्या मते पोरीला नजर लागली होती. तिघांचं निदान वेगळं, पण पुरावा एकाकडेही नव्हता. मी साताऱ्यात एका संस्थेचे कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणून भाचीनं मला फोन केला, "मामू, तुम्हीच या आता."

मी म्हणालो, येतो, पण त्याआधी आठवडाभर एक वही लिही. नेट गेलं की चार गोष्टी टिपायच्या. किती वाजता गेलं. त्याच क्षणी मोबाइलवर वाय-फाय चालू होतं का. डब्यावरचा लाल दिवा लागला का. आणि घरात त्या वेळी काय चालू होतं, म्हणजे पाण्याची मोटर, मिक्सर, इस्त्री.

यामागे साधा हिशोब आहे. खांबावरून घरात येते ती काचेची बारीक तार, फायबर. तिच्यातून प्रकाश येतो. डबा त्या प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करतो, मग एक फाटा वाय-फायनं मोबाइलकडे जातो आणि दुसरा वायरनं कॉम्प्युटरकडे. प्रकाश येणं थांबलं की डब्यावर लाल दिवा लागतो. मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्ही एकदम गेले, तर डब्याकडे किंवा बाहेरच्या लाइनकडे बघायचं. मोबाइल चालू आणि कॉम्प्युटर बंद असेल, तर बाहेरची लाइन बेकसूर, शोध घरातच घ्यायचा.

आठवड्यानं भाचीनं वहीचे फोटो पाठवले. मोबाइल एकदाही बंद पडला नव्हता. लाल दिवा एकदाही लागला नव्हता. मोटरशी काही संबंध दिसत नव्हता. बहुतेक नोंदी दुपारी बारा ते चारच्या होत्या. रात्री त्याच कॉम्प्युटरवर भाचा गेम खेळत बसायचा, तेव्हा मात्र एकदाही नेट गेलं नव्हतं. म्हणजे "लाइनच खराब" हे निकालात निघालं, आणि मी सांगलीला जायच्या आधीच अर्धं घर तपासून झालं होतं.

रविवारी सकाळच्या एसटीनं कराड, इस्लामपूर करत मी सांगलीत पोचलो. कॉम्प्युटरवर दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. एकीत 'पिंग १९२.१६८.१.१ -टी', म्हणजे घरातल्या डब्याला सारखी हाक मारत राहायची. दुसरीत 'पिंग ८.८.८.८ -टी', म्हणजे बाहेरच्या जगाला हाक. फक्त दुसरी थांबली, तर डब्याच्या पलीकडे अडचण. दोन्ही एकदम थांबल्या, तर डबा आणि कॉम्प्युटर यांच्या मधे. दुपारी सव्वा वाजता दोन्ही खिडक्या एकदम थांबल्या आणि 'जनरल फेल्युअर' अशी ओळ आली. थोड्या वेळानं उत्तरं पुन्हा सुरू झाली. विंडोजच्या इव्हेंट व्ह्युअरमध्येही त्याच मिनिटाला नेटवर्कची जोडणी सुटल्याची नोंद होती.

मग कॉम्प्युटरची तपासणी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये एक खूण असते, वीज वाचवण्यासाठी हे कार्ड बंद करायची परवानगी देणारी. ती काढली आणि वाट पाहिली. नेट तुटलंच. 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' बंद केलं आणि वाट पाहिली. तरी तुटलं. डब्यावरचं भोक बदललं. तरी तुटलं. दुलाभाई कंटाळून म्हणाले, "सगळं एकदम बदलून टाक ना, एक काहीतरी लागू पडेल." पण सगळं एकदम बदललं आणि दुखणं थांबलं, तर कशानं थांबलं ते कळत नाही, आणि महिन्यानं परत उलटलं तर पहिल्यापासून सुरुवात.

दुलाभाई मिरजेचे, म्हणून मी त्यांना तिथलंच उदाहरण दिलं. मिरजेच्या ज्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते बनवणारी बरीच घरं आपल्याच शिकलगार समाजातली. तिथला कारागीर जवारी काढताना घोडी थोडी घासतो, तार लावून ऐकतो, पुन्हा घासतो, पुन्हा ऐकतो. एका वेळी एकच तार. दुलाभाई हसले आणि चहा सांगायला उठले.

शेवटी आम्ही कॉम्प्युटरच उचलून खाली डब्याशेजारी आणला आणि दीड मीटरच्या नव्या वायरनं जोडला. सोमवार गेला, मंगळवार गेला. भाचीची वही कोरी राहिली. डबा निर्दोष, कॉम्प्युटर निर्दोष. उरली ती खालून वर जाणारी वीस-बावीस मीटरची वायर.

ही वायर एवढी लांब का, याचं उत्तर कृष्णेच्या पाण्यात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. आपाच्या खालच्या मजल्यावर पाणी शिरलं, फ्रिज तरंगला, मुलांची दप्तरं गेली. तेव्हापासून तिनं कायदाच केला की किमती वस्तू वर. म्हणून कॉम्प्युटर वर गेला आणि डबा खालीच राहिला.

बुधवारी शिडी लावून मी वायरीवर हात फिरवत निघालो. गच्चीवरच्या पत्र्याच्या कडेखाली काळी चिकटपट्टी लागली. ती सोडली. वायर कमी पडली म्हणून कुणीतरी दोन तुकडे घेतले होते, आठही तारा सोलून एकमेकींना पीळ दिला होता आणि वर पट्टी गुंडाळली होती. तांब्यावर हिरवट थर चढला होता. दुपारी पत्रा तापायचा, सांधा सैल व्हायचा, निवल्यावर परत टेकायचा. वहीतल्या बारा ते चारचा अर्थ पत्र्याखाली सापडला.

विजेच्या वायरीला असा सांधा कसाबसा चालतो, नेटच्या वायरीला का नाही? १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफनं इथरनेट मांडलं, तेव्हा त्याची वायर जाडजूड आणि वेगळीच होती. आजच्या वायरीत आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ असतो. ही पिळाची युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलनं १८८१ मध्येच काढली होती. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि वजा होऊन जातो. म्हणून टोकाला प्लग बसवतानासुद्धा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, असा नियम आहे. इथं तर चार बोटं उलगडला होता. शिवाय एक हजार एमबीपीएसच्या जोडणीला चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात. एखादी जोडी डळमळली की कार्ड आणि डबा जोडणी सोडतात आणि कमी वेगावर नव्यानं बोलणी करतात. भाचीचं अर्धं-एक मिनिट त्या बोलणीत जायचं.

इलाज साधा होता. उन्हाला टिकणारं काळं आवरण असलेली, शुद्ध तांब्याची, अखंड वायर आणली. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायरही मिळते, ती घ्यायची नाही. वायर पीव्हीसी पाइपातून घेतली, दोन्ही टोकांना रंग एकाच क्रमानं लावले, टेस्टरवर आठही दिवे पाहिले. भाचीनं दुसऱ्या टोकाचा प्लग स्वतः बसवला. तिची नोकरी टिकली. स्थळांचा विषयही निघतो, पण आता "पोरगी नोकरी करते" हे वाक्य आपा आधी सांगते.

मला मात्र या सगळ्यात साताऱ्यातलं आमचं घर आठवत होतं. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री आमच्या जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत, सोशल मीडियावरच्या पोस्टवरून हिंसाचार झाला. मशिदीवर हल्ला झाला, एका तरुणाचा जीव गेला, आणि जिल्ह्यात इंटरनेट बंद करण्यात आलं. अम्मी तेव्हापासून नेट गेलं की वायरीकडे बघत नाही. आपाशी व्हिडिओवर बोलताना चित्र गोठलं, की तिचा पहिला प्रश्न असतो, "बाहेर कुछ हुया क्या रे?" आणि मग ती आमची मोजणी सुरू करते. कोण घरात आहे, कोण बाहेर.

तिला "घाबरू नकोस" सांगून उपयोग नव्हता. भीती खऱ्या गोष्टीवरून बसली होती. म्हणून मी तिला दिवा शिकवला. लाल असेल तर वायर तुटली, लाइनवाल्याला फोन. लाल नसेल, घरातला डबा हाकेला उत्तर देत असेल आणि तरी बाहेरचं काहीच उघडत नसेल, तर बिघाड कंपनीच्या पुढच्या यंत्रात असेल किंवा वरून बंदी असेल. बंदी असेल तर तिचाही कागद असतो. नियमांनुसार तसा लेखी आदेश काढावा लागतो, आणि १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं आहे की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बंदी बेमुदत ठेवता येणार नाही. म्हणजे तिथंही अंदाजावर जगायचं कारण नाही, विचारायचा हक्क आहे.

अम्मीनं हे सगळं ऐकून स्वतःचा नियम केला, "लाल तो वायरवालेकू फोन, नै तो बच्चोंकू फोन."

परवा मोठ्या पावसात आपाचा चेहरा पडद्यावर अर्धवट गोठला. अम्मी उठली, चष्मा लावला, डब्यापाशी जाऊन वाकून पाहिलं. लाल होता. "तारका है," म्हणाली, आणि आपाला साधा फोन लावून अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे सांगू लागली.