चार कोर, दोन जीबी

खराडी, पुणे, रविवार, २८ एप्रिल २०२४

शेजारच्या विंगमधली डिप्लोमाची मुलगी सकाळीच रास्पबेरी पाय घेऊन आली. "काका, रात्रभर चालवला आणि पहाटे परत बंद पडला." पाय-४, दोन जीबी रॅम. एरवी घरच्या टीव्हीला जोडलेला असतो. दुसरा संगणक तिच्याकडे नाही. शिक्रापूरला मामाचा कांदा आहे, तो कॅमेऱ्यासमोरून सोडून आकाराप्रमाणे निवडायचा, हा तिचा प्रोजेक्ट. त्यासाठी ओपनसीव्ही ही चित्रं तपासणारी लायब्ररी. तयार पॅकेज मिळतं, पण तिला आतल्या कोडला हात घालायचाय, म्हणून सोर्सपासून बिल्ड.

कंपायलरने कोडमधली एकही चूक दाखवलेली नाही, नुसतं 'किल्ड' लिहून थांबलाय. कर्नेलचा लॉग उघडला. मेमरी संपली, तेव्हा कर्नेलने सगळ्यात जास्त रॅम खाणारा कंपायलरच मारून टाकला होता. कोर चार म्हणून तिने 'मेक'ला चार जॉब दिले होते. सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं. पण टेम्प्लेटनी भरलेली सी-प्लस-प्लसची एखादी फाइल एकटीच जीबीभर रॅम मागू शकते. किती जॉब लावायचे ते रॅम बघून ठरवायचं.

सोमवार, २९ एप्रिल

ऊन चाळिशीला टेकलंय. पायचं तापमान ८० अंशांवर गेलं की तो आपणहून वेग कमी करतो. त्याने बिल्ड लांबतो, मोडत नाही. मला काळजी वाटली ती टीव्हीच्या कोपऱ्यात येणाऱ्या पिवळ्या विजेच्या खुणेची. पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली घसरला की ती दिसते, आणि मग बोर्ड कधी अडकेल याचा नेम नाही. मोबाइलचा जुना चार्जर लावला होता. संध्याकाळी ती तपकीर गल्लीतून ३ अँपियरचा अडॅप्टर घेऊन आली. खूण गेली.

बुधवार, १ मे

सुट्टी असल्यामुळे निवांत बसलो. ओपनसीव्हीच्या 'बिल्ड लिस्ट'मध्ये तिला लागणारी मोजकी मॉड्यूल ठेवली, बाकी वगळली. 'मेक'ऐवजी निंजा घेतला, त्यात कंपाइलला दोन जॉब आणि लिंकला एकच, कारण लिंकर एकदम सगळं मेमरीत ओढतो. डीबग माहिती बंद. स्वॅप एसडी कार्डावर न टाकता झेडरॅम लावला, म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप. कार्ड झिजत नाही.

मेमरी बघून काम वाटणं नवं नाही. सी-डॅकने १९९१मध्ये याच पुण्यात परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून. प्रत्येकाची मेमरी वेगळी, म्हणून तिथेही कामाचे तुकडे मेमरीच्या मापानेच पाडावे लागत. मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने परमचा फोटो शोधून काढला आणि बराच वेळ बघत बसली.

गुरुवार, २ मे

दुपारी लाईट गेली, बिल्ड अर्ध्यावर. परत सुरू केल्यावर लिंकर एका ऑब्जेक्ट फाइलवर अडला. आकार बघितला तर शून्य बाइट. लाईट गेली त्या क्षणी फाइलचं नाव कार्डावर नोंदलं गेलं होतं, मजकूर पोचलाच नव्हता. नाव आहे, वेळ ताजी आहे, म्हणून ती तयारच आहे असं धरून बिल्ड पुढे गेला. अशा शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाइली शोधून पुसल्या आणि तेवढ्याच पुन्हा कंपाइल झाल्या.

दुसरं घड्याळाचं. पाय-४ वर घड्याळाला बॅटरी नाही. इंटरनेट येईपर्यंत तो जुनीच वेळ दाखवतो. तेवढ्यात एखादी फाइल सुधारली तर ती आपल्याच ऑब्जेक्टपेक्षा जुनी ठरते आणि कंपाइल होतच नाही. त्यामुळे लाईट आल्यावर आधी वेळ जुळू द्यायची, मग बिल्ड.

शनिवार, ४ मे

झाला! मी मात्र तिला बिल्डचं फोल्डर पूर्ण पुसून तोच पुन्हा करायला लावला, सगळ्या सेटिंग एका स्क्रिप्टमध्ये घालून. "आता तर झालाय ना, काका?" म्हणून ती वैतागली. पण उद्या मामाकडे कार्ड खराब झालं तर हाच बिल्ड तिला एकटीने पुन्हा करायचाय.

मोठ्या मशीनवर क्रॉस-कंपाइल करावं हा सल्ला चांगलाच आहे, पण तो मोठं मशीन असलेल्यांसाठी. ज्या मुलांकडे हा बोर्ड हाच एकमेव संगणक आहे त्यांच्यासाठी प्रत्येक प्रकल्पाने एका जॉबला किती रॅम लागते हे पहिल्याच पानावर छापावं. तिच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत तिने ते लिहिलंय, मराठीत.