गुडघ्याची गोळी

आई प्रेशरसाठी टेल्मिसार्टन बरीच वर्षं घेत होती, आणि प्रेशर आटोक्यातही होतं. त्या हिवाळ्यात गुडघ्यांनी उचल खाल्ली. हाडांच्या डॉक्टरांनी थोडे दिवस घ्यायला ॲसिक्लोफिनॅक दिली. आराम पडला, म्हणून चिठ्ठीची मुदत संपल्यावरही मेडिकलमधून स्ट्रिप येतच राहिली. पुढच्या तपासणीला वरचं प्रेशर १६० च्या पुढे आणि पावलांवर सूज. नेहमीच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये गुडघ्याच्या गोळीची नोंद नव्हती. सूज पाहून त्यांनी लघवीची गोळीही सुरू केली.

मग मे उजाडला. अकोल्याचं ऊन, त्यात आईला जुलाब. गोळ्या मात्र तिन्ही वेळेवर चालू. औषध चुकवायचं नाही ही तिची शिस्त. लघवी अगदी कमी झाली, मळमळ, ग्लानी. रिपोर्ट आला तेव्हा एरवी एकच्या आत असणारं क्रिएटिनिन ३.१ होतं आणि पोटॅशियमही वाढलेलं.

किडनीच्या डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं. किडनीत बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छ असतात आणि रक्त गाळलं जातं ते त्यांतल्या दाबावर. गुच्छात शिरणारी वाहिनी प्रोस्टाग्लँडिनमुळे मोकळी राहते. वेदनाशामक गोळी नेमकं तेच बनू देत नाही. बाहेर पडणारी वाहिनी टेल्मिसार्टनमुळे सैलावते. लघवीच्या गोळीने आणि जुलाबाने अंगातलं पाणी आधीच घटलेलं. येणारं रक्त कमी, जाणारी वाट मोकळी, मग गाळायला दाब उरणार कुठून?

पुढचं ऐकून मला फार लागलं. हीच वेदनाशामकं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, त्यांनी प्रेशर चढतं, सूज येते. म्हणजे लघवीची गोळी दिली गेली ती बहुधा गुडघ्याच्या गोळीने केलेल्या सुजेवर. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन याच जातीची.

हे ज्ञान काही आजचं नाही. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन अडवतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेलचे ते एक मानकरी. या तीन प्रकारच्या औषधांच्या एकत्र वापरावर ब्रिटनमधल्या लाखो रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अभ्यास आला. त्यात किडनीला अचानक इजा होण्याचा धोका पहिल्या तीस दिवसांत सर्वांत जास्त दिसला. एवढं माहीत असताना गुडघ्याची ही गोळी मेडिकलमध्ये बिनचिठ्ठीची मिळते, याचा मला आजही राग येतो.

वेदनाशामक बंद झालं, बाकी दोन्ही गोळ्या डॉक्टरांनी काही दिवस थांबवल्या, सलाइन लावलं. क्रिएटिनिन उतरायला काही आठवडे गेले. आता दुखलं तर पॅरासिटामॉल, वर लावायचं मलम आणि मांडीचे व्यायाम. प्रेशरची गोळी पुन्हा सुरू आहे. ती मनाने कधीच बंद करायची नाही, पण उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी फोन करून विचारायचं, असं डॉक्टरांनी आईला दोनदा बजावलंय.