दोन तारांमधला फरक

सध्या आमच्या घरात दोन तट पडलेत. कारण जमीनजुमला नाही, राजकारण तर नाहीच. कारण आहे मामांच्या मुळशीतल्या शेतावर टाकायची सहाशे मीटर केबल! तिच्यावर आरएस-४८५ चालवायचं की कॅन, यावरून गेले तीन रविवार मी आणि मामेभाऊ भांडतोय. मामी म्हणते, "एवढ्या वेळात चर खणून झाला असता."

नातेवाईकांना ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगतो. पौडच्या पुढे ओढ्याकाठी मामांची विहीर, मधे जरबेराचं पॉलिहाऊस आणि वर टेकाडावर पाण्याची टाकी. मामा बहात्तर वर्षांचे. रात्री दोनदा उठून बॅटरी घेऊन टाकी बघायला जातात. दोन उन्हाळ्यांपूर्वी विहिरीचं पाणी खाली गेलं, मोटर कोरडी फिरली आणि जळली. म्हणून आता विहिरीची आणि टाकीची पातळी, मोटरचा ड्राइव्ह, विजेचा मीटर आणि खताची टाकी अशी पाच ठिकाणं एका तारेवर आणून घरात दिसली पाहिजेत. बिनतारी का नाही? मधे टेकाड आडवं येतं, आणि मोबाईलच्या रेंजवर मोटर सोपवायची मामांची तयारी नाही.

आता थोडं तांत्रिक... कंटाळू नका. जुन्या आरएस-२३२ मधे एका तारेवरचा दाब जमिनीच्या तुलनेत मोजतात. पंधराएक मीटरपर्यंत ठीक. पुढे शेजारच्या मोटरचा गोंगाटही त्याच तारेत शिरतो. यावरचा उपाय फार सुंदर आहे. दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या आणि ऐकणाऱ्याने फक्त दोघींमधला फरक बघायचा. गोंगाट दोघींवर जवळजवळ सारखाच येतो, त्यामुळे वजाबाकीत निघून जातो. आरएस-४८५ मधे पलीकडे २०० मिलिव्होल्टचा फरक पोचला तरी निरोप कळतो. आरएस-४२२, आरएस-४८५ आणि कॅन, तिघांचंही मूळ हेच.

मग भांडण कशावर? तर कोणी कधी बोलायचं यावर!

आरएस-४२२ पहिल्याच रविवारी बाद झालं. तिथे एका जोडीवर बोलणारा एकच, ऐकणारे दहापर्यंत. आमच्याकडे पाचही जणांना बोलायचंय.

मामेभाऊ गाड्यांच्या कारखान्यात आहे, त्यामुळे त्याचा जीव कॅनवर. १९८६ साली बॉशने ते गाड्यांसाठी जगापुढे आणलं. त्यात कोणीही आपणहून बोलू शकतो. दोघं एकदम बोलले तर ज्याचा निरोप जास्त महत्त्वाचा तो पुढे जातो, दुसरा मुकाट्याने थांबतो आणि काहीच वाया जात नाही. चूक ओळखणं, निरोप पुन्हा पाठवणं हे सगळं चिपच करते. पण या मांडवलीसाठी प्रत्येक बिट शेवटच्या टोकाला जाऊन परत यायला वेळ द्यावा लागतो. म्हणून ४० मीटरवर सेकंदाला दहा लाख बिट, तर किलोमीटरभर अंतरावर पन्नासएक हजारच. आम्हाला तेवढेही रग्गड. म्हणजे कॅन चाललं असतं, हे मी मान्य करतो.

आरएस-४८५ हे १९८३ चं. ते फक्त विजेचे नियम सांगतं. बाराशे मीटरपर्यंत अंतर, एका जोडीवर ३२ उपकरणं. बोलण्याची शिस्त आपण लावायची. ती बहुतेक जण मॉडबसने लावतात, म्हणजे मास्तर नाव घेऊन विचारणार आणि ज्याचं नाव घेतलं त्यानेच उत्तर द्यायचं. ९६०० च्या वेगात पाच जणांची हजेरी सेकंदाच्या आत होते. टाकीची पातळी काही सेकंदात बदलत नाही!

माझं मत ठरलं ते मात्र वेगावरून नाही. आम्ही पाहिलेल्या ड्राइव्हला आणि मीटरला आरएस-४८५ चे स्क्रू आधीपासूनच आहेत. कॅन घ्यायचं तर मधे आमची सर्किटं येणार. जुलैत धो धो पाऊस पडत असताना ती बिघडली, तर मी बंगळुरात आणि भाऊ रात्रपाळीला. पिरंगुटच्या कारखान्यांत जाणारा कोणताही वायरमन मॉडबसचं दुखणं ओळखतो. ए आणि बी ही अक्षरं दोन कंपन्या उलटसुलट लावतात, तेव्हा आधी तारा बदलून बघायच्या, हेसुद्धा त्याला माहीत असतं. मामांना आमच्यावर अवलंबून राहायला लागू नये, हा माझ्या लेखी सर्वात मोठा निकष.

मात्र "दोन तारा पुरतात" या म्हणण्यावर विसंबून चालत नाही. दोन टोकांच्या जमिनीतच फरक पडला तर आरएस-४८५ उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच सोसतं. वळवाच्या विजा काय करतात ते मुळशीकरांना सांगायला नको. म्हणून तिसरी तार सामाईक, प्रत्येक ठिकाणी आयसोलेशन आणि सर्ज प्रोटेक्शन. तार विहीर, पॉलिहाऊस, टाकी अशी माळेसारखी ओवायची, फाटे फोडायचे नाहीत. १२० ओहमचे रेझिस्टर फक्त दोन टोकांना.

शेवटचा प्रश्न आम्हा दोघांना सुटत नव्हता. केबल तुटली तर मोटर चालू ठेवायची की बंद करायची? फुलं वाळतील की मोटर जळेल? मामा इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "बंद कर रे. झाडं एक दिवस तग धरतील. मोटर जळली तर आठवडा जातो." म्हणजे ठरावीक वेळात निरोप आला नाही की ड्राइव्ह आपणहून थांबणार. विहिरीचा कोरडेपणा ओळखणारा स्विच तर तारेवर अवलंबूनच नाही, तो थेट मोटरपाशी.

भाऊ अजून पूर्ण पटलेला नाही. "पुढच्या वेळी कॅन" असं वदवून घेतलंय त्याने. असो. चर रविवारपासून खणायला घेतोय, वळीव यायच्या आत केबल पुरायची आहे. ज्यांना हातभार लावायचा असेल त्यांनी कुदळ घेऊन या, जेवण मामीकडे.